फुलदाणीबद्दल आभार

त्र्याहत्तर सालच्या आषाढात, कपिलतीर्थ मंडईत मी मेथीची जुडी उलटून बघत होते, आणि समोर कालिंदीबाई उभ्या राहिल्या. बी.एस्सी.ला त्यांनी मला रसायनशास्त्र शिकवलं होतं. माझ्या लग्नात त्यांनी स्वतःचा मेझरिंग सिलिंडर भेट दिला होता… द्रव मोजायचा, काचेचा, उंच. त्यांच्या विद्यार्थिदशेतला. त्याच्यावरच्या रेघा जरा पुसट झाल्या होत्या.

“विमला, ही सुनेत्रा कोण गं?” त्यांनी विचारलं.

मला काही कळेना.

“सौ. सुनेत्रा सरनाईक. तिचं आभाराचं पत्र आलंय. ‘आपण दिलेल्या सुंदर फुलदाणीत रोज निशिगंध दरवळतो. आम्ही उभयता सुखात आहोत.’ पत्ता तुझ्या सासरचा, म्हणून विचारलं.” त्या हसल्या. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “चालायचंच. लग्नानंतर मुली विसरतात.”

त्या निघूनही गेल्या. मी जुडी टाकली.

सुनेत्रा मीच होते. लग्नात माझ्या नवऱ्यानं, सयाजींनी, ताटातल्या तांदळावर अंगठीनं ते नाव काढलं होतं. त्या गर्दीत मी गप्प बसले. ते नाव ताटातच राहील असं धरून चालले. पुढे आषाढ लागला आणि मी माहेरी आले. महिनाभर नव्या सुनेनं सासूचं तोंड बघायचं नाही, अशी रीत. परत गेले की आभाराची पत्रं मी स्वतः लिहिणार होते. कालिंदीबाईंचं सगळ्यांत आधी.

सासरी जाता येत नव्हतं. मी रिक्षा केली आणि थेट उद्यमनगरात, सयाजींच्या कारखान्यात गेले.

ते लेथवर वाकले होते. मला बघून त्यांनी यंत्र बंद केलं.

“अगं, तू? आखाडात?”

“सासूबाईंचं तोंड बघायचं नाही. तुमचं बघायला बंदी नाही ना?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

“आकाराम, चहा पिऊन या जा सगळी!” सयाजी ओरडले. माणसं रेंगाळत बाहेर गेली.

“आभाराची पत्रं कुणी लिहिली?”

त्यांचा चेहरा खुलला. “मीच की! तुझ्या बाजूची बी. म्हटलं, आल्या-आल्या तुझ्या मागं ती कटकट नको. कशी झाल्यात?”

“ती फुलदाणी नाही. मेझरिंग सिलिंडर आहे.”

“आं? तरीच… त्याच्यावर रेघा कशाला, कळंना झालतं.”

“दिवसभर मापं घेता तुम्ही. मापाच्या रेघा ओळखता आल्या नाहीत?”

“आल्या असत्या की. पण त्यात निशिगंध लई झ्याक दिसत होता…”

मला हसू येईल अशी भीती वाटली. त्यामुळे राग आणखी चढला.

“आणि सुनेत्रा कोण?”

त्यांनी लेथवरची चिंधी उचलली.

“तांदळात नाव काढलंत. मला विचारलं होतंत?”

“आईनं सांगितलेलं.”

“मला विचारलं होतंत का?”

“…न्हाय.”

“बाईंनी भेट दिली ती विमला इंगवलेला. आभार मानले भलत्याच बाईनं, तेही भलत्याच वस्तूचे! आणि वर ‘उभयता सुखात’. कोण उभयता? आपण एकदा तरी नीट बोललोय?”

ते चिंधीनं हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

“मी हाय की सुखात,” ते खाली बघून म्हणाले. “माझ्यापुरतं खरं लिवलंय.”

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. कान तापले होते… सुरुवातीला तरी रागानंच.

“बाई राहत्यात कुठं?”

“राजारामपुरीत. का?”

“जातो. चूक माझी हाय.”

“मीही येते. एकटे गेलात तर आणखी काहीतरी फुलदाणी करून ठेवाल.”

दार कालिंदीबाईंनीच उघडलं. पुढे उभे सयाजी मुंडावळ्यांशिवाय त्यांना ओळखू आले नाहीत. “आपण…?”

सयाजींनी ओल्या छत्रीसकट हात जोडले. “नमस्कार, बाई. मी विमला इंगवल्यांचा नवरा. फुलदाणी म्हणणारं गाढव ते मीच.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारचं दार उघडलं.

“बाई,” मी म्हणाले, “तुम्ही तो सिलिंडर हातात दिलात तेव्हा मला रडू आलं होतं. मांडवात सांगता आलं नाही.”

त्यांनी माझा हात धरला.

बाहेर पडलो तेव्हा पावसानं जोर धरला होता. दोन छत्र्या, मध्ये अंतर.

“बाकीची पत्रं?” सयाजींनी विचारलं.

“पुन्हा जाणार. माझ्या माणसांना मीच लिहीन. खाली विमला.”

“बरं. आईला उद्या सांगतो.”

“आज.”

“…आज.” थोडं चालल्यावर ते म्हणाले, “अजून रागात हाईस?”

“आहे.”

“आणि पत्रात… माझं नाव कुठं?”

मी रस्त्यातलं डबकं चुकवलं.

“शेजारी,” मी म्हणाले. “पण अक्षर नीट काढा.”

मग मी माझी छत्री मिटली आणि त्यांच्या छत्रीत शिरले. रागातच.