डोळा टोबियासचा, शिक्का आजोबांना

तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि मला आधी त्याचा डोळा दिसला — वांग्यासारखा जांभळा, सुजून मिटलेला.

"डॉक्टरांना उलटे प्रश्न विचारणाऱ्या रेनाटा तुम्हीच ना?"

"मीच. आपण?"

"टोबियास. पाचव्या मजल्यावरचा नर्स. ज्याच्या डोळ्याची तुम्हाला काडीची किंमत नाही, तो!"

माझं डोकंच फिरलं. अमेरिकेतल्या डुलुथच्या या हॉस्पिटलात रुग्णांच्या आजारांना नोंदीसाठी ठरावीक कोड लावणं हे माझं काम. डॉक्टर लिहितील तेवढंच लावायचं, मनाचं काही नाही. पाचव्या मजल्यावरच्या हाल्व्हर्सन आजोबांबद्दल डॉक्टरांनी एकच शब्द खरडला होता — हिंसक. तो शिक्का बसला असता तर वृद्धाश्रमाने त्यांना परत घेतलं नसतं, आणि तिथे त्यांची बायको वाट बघत होती. म्हणून मी डॉक्टरांना विचारलं होतं, हिंसक कशामुळे?

"कशामुळे काय? मारलं त्यांनी मला!"

"उगाच?"

तो लिफ्टसमोरच्या खिडकीकडे वळला; बाहेर तळं गोठलं होतं.

"ताप होता. लघवीत इन्फेक्शन. मी त्यांना चोर वाटलो. ताप उतरल्यावर माझा हात धरून रडले."

"आणि हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर माझा डोळा कुणाच्या खिजगणतीत राहिला असता? हेडसिस्टर म्हणतात, नर्स झालास ना, मग चालायचंच!"

"अहो, मग तुमचं दुखणं तुमच्या नावावर लिहा ना! म्हाताऱ्याच्या माथी कशाला मारता? डोळा दाखवलात कुणाला?"

"...नाही."

"शहाणेच आहात! चला."

मी त्याला मनगटाला धरून थेट इमर्जन्सीत नेलं. तिथून तो स्वतःच डॉक्टरांकडे गेला. त्यांनी लिहिलं — इन्फेक्शनमुळे झालेला भ्रम. कारण लिहिलेलं असलं की त्यातून आलेल्या लक्षणाला, इथे मारण्याला, वेगळा कोड लागत नाही. शिक्का टळला. आजोबा बायकोकडे परतले.

दुसऱ्या दिवशी टोबियास दोन कॉफ्या घेऊन तळमजल्यावरच्या माझ्या टेबलापाशी हजर. डोळा आता किलकिला उघडत होता, आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

"माझा कोड लावलास?"

"लावला. कामावर असताना मार बसून इजा."

"एक लक्षण राहिलं. तळमजल्यावर आलं की... छातीत धडधडतं."

"कारण लिहिलेलं नाही. मी मनाने लावत नाही."

"कारण मी सांगतो ना — तू."

माझे कान तापले. मला तो आवडला होता, त्या लिफ्टपाशी झालेल्या भांडणापासूनच.

"अजून रागावली आहेस?"

"भयंकर! चालायचंच म्हणजे काय? ऊठ, आधी हेडसिस्टरकडे जाऊ. दोघं."

"कॉफी गार होईल."

"होऊ दे!"

लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली, तरी मी त्याचा हात सोडला नव्हता.