नागी वाकत नाही

अशील आला तो काखेत व्हिडिओ खेळाची कॅसेट आणि खिशात एक कागद घेऊन. सत्तरीचे चित्रकार कुसाका गुरुजी. त्यांची मारामारीची चित्रकथा साप्ताहिकात पंचवीस वर्षं चालू होती आणि अर्धं ओसाका ती वाचूनच मोठं झालं होतं. त्या अर्ध्यात नोमोतोही होता, त्यामुळे खुर्ची पुढे करण्याआधी त्याने ती दोनदा पुसली.

नोमोतो म्हणजे खाजगी तपास करणाऱ्या उकाईबाईंचा मदतनीस. तीस वर्षं लोकांचे केस कापले, मग गुडघे गेले. तेव्हापासून तो बाईंच्या कचेरीत चहा करतो आणि चुकीचे अंदाज बांधतो. उकाईबाईंनी स्वतः विमा कंपनीत वीस वर्षं कारकुनी केली होती. लोक किती खोटं बोलतात ते तिथेच कळलं, असं त्या म्हणत.

गुरुजींनी कॅसेट लावायला सांगितली. त्यांच्या चित्रकथेवर बेतलेला खेळ इथे दोन वर्षांपूर्वीच आला होता. ही आवृत्ती अमेरिकेसाठी होती. नायिका नागी लढली आणि जिंकली. इथल्या खेळात जिंकल्यावर ती पडलेल्या शत्रूसमोर कमरेतून वाकते. या कॅसेटमध्ये तिने त्याच्या छातीवर पाय ठेवला आणि खदाखदा हसली.

गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

“नागीला माझ्या मुलीचा चेहरा आहे,” ते म्हणाले. “सोळाव्या वर्षी गेली ती. ज्युदोत कुणाला पाडलं, की आधी वाकायची. मी कंपनीला म्हटलं होतं, रक्त पुसा, केस पिवळे करा, भिक्षूचा पैलवान करा. एवढं एक सोडा.”

कागदावर मात्र सगळे बदल मान्य होते. खाली सहीऐवजी नावाचे दोन लाल शिक्के. डावीकडे खेळ कंपनीचे विभागप्रमुख इसोबे यांचा, सरळ. उजवीकडे गुरुजींचा, जरासा डावीकडे कललेला. गुरुजींचा शिक्का खराच होता. तो स्वयंपाकघरात चहाच्या डब्यामागे असे. सात तारखेला गुरुजी डोळे तपासायला इस्पितळात गेले होते आणि त्या दिवशीची तारीख कागदावर होती.

घरात होती ती मदतनीस शिहो. चौदा वर्षं त्यांच्याकडे राहून त्यांची चित्रं शाईने पुरी करणारी. गुरुजींनी तिला त्याच घटकेला घालवून दिलं होतं.

“छत्री घ्यायलासुद्धा थांबू दिलं नाही मी तिला,” ते म्हणाले. “आता झोप लागत नाही. तिनेच केलं का, एवढं मला सांगा.”

इसोबे आपल्या कचेरीत मोकळेपणाने बोलले. तिकडच्या खरेदीदारांचं म्हणणं होतं, की जिंकलेली पोरगी हरलेल्याची माफी का मागते ते तिथल्या मुलांना कळत नाही. सात तारखेला ते साप्ताहिकाचे संपादक तोगावांबरोबर गुरुजींच्या घरी गेले, स्वतःचा शिक्का मारलेला कागद ठेवून आधी निघाले, आणि दोन दिवसांनी तो टपालाने परत आला.

तेवढ्यात नोमोतो टेबलावरची फाइल चाळत होता. प्रत्येक कागदावर शिक्क्यांची रांग. साहेबाचा डावीकडे सरळ, बाकीचे सगळे त्याच्याकडे कललेले.

“एवढी शिकलेली माणसं,” तो बाईंच्या कानात म्हणाला, “आणि एकालाही शिक्का धड मारता येत नाही.”

शिहो बहिणीच्या नूडल्सच्या दुकानात भांडी घासत होती. अठराव्या वर्षी शाळेतून थेट गुरुजींकडे आली, दुसरी नोकरी कधी माहीतच नाही. त्या दिवशी पाहुण्यांना स्वयंपाकघरात चहा दिला आणि ती वर चित्रातला पाऊस रेखाटायला गेली. गुरुजींच्या लेखण्या कोण धुतं, एवढंच तिने विचारलं.

तोगावा बँकेतली नऊ वर्षांची नोकरी सोडून साप्ताहिकात आलेले. अदबीने वागणारे, गुरुजींच्या चित्रांवर जीव असलेले. उकाईबाईंनी एक जुना अंक मागून घेतला आणि पावतीवर आपल्या शिक्क्याच्या उजवीकडे त्यांचा शिक्का घेतला. परतताना बाईंनी गुरुजींच्या घरून पार्सलांच्या पावत्यांचं खोकंही उचललं.

“मुलगीच,” नोमोतो वाटेत म्हणाला. “शिक्का तिच्याच हातातला.”

“म्हणूनच ती नाही,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे गुरुजींच्या घरी जमले. शिहो दाराशी बसली होती. गुरुजी तिच्याकडे बघत नव्हते.

उकाईबाईंनी खोकं उपडं केलं. गुरुजींचा शिक्का शिहो रोज मारायची, पार्सलवाल्यासाठी. शेकडो पावत्या, आणि एकूण एक शिक्का सरळ. गुरुजींनी मारलेलेही सरळच.

“हा मान्यतेच्या कागदावरचा कललेला आहे. नोमोतोला वाटतं, हात चुकला. त्याने कधी कारकुनी केली नाही. मी केली. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात, साहेबाच्या शिक्क्याशेजारी आपला मारताना तो त्याच्याकडे कलवायचा, वाकून नमस्कार केल्यासारखा. पुढे हात आपोआप वळतो. शिहोला हे ठाऊक असायचं कारण नाही.”

“मग मी?” इसोबेंनी विचारलं.

“तुमच्या कचेरीत तुमच्यासमोर इतर वाकतात. स्वतःच्याच शिक्क्यापुढे तुमचा हात कशाला वाकेल? त्या दिवशी इथे तुम्हाला साहेब मानणारा, बँकेत तयार झालेला एकच हात होता.”

त्यांनी अंकाची पावती ठेवली. बाईंचा शिक्का सरळ आणि शेजारी तोगावांचा, डावीकडे झुकलेला.

तोगावांनी पावती हळूच बाजूला सारली. “वर्षाअखेर साप्ताहिकाचे मालक चित्रकथा बंद करणार होते,” ते म्हणाले. “खेळ तिकडे गेला, तर आणखी दोन वर्षं देणार होते. तुमचं काम थांबलेलं मला बघवलं नसतं, गुरुजी. शिहोला घालवतील असं मनातही आलं नाही.”

“पण घालवल्यावर गप्प बसलात,” उकाईबाई म्हणाल्या.

इसोबेंनी हळूच सांगितलं, की कॅसेटी गेल्या आठवड्यातच जहाजावर चढल्या, आता त्या परत आणता येणार नाहीत.

गुरुजींनी कागद डोळ्यांजवळ धरला. “माझ्या मुलीचं वाकणं काढून टाकलंत,” ते तोगावांना म्हणाले, “आणि माझ्या नावाला वाकवलंत.”

मग ते दाराकडे वळले. गुडघ्यांवर बसले, दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ लागेपर्यंत शिहोपुढे वाकले. ते उठेनात. नोमोतोने तोंड फिरवलं, त्याला ते बघवेना.

“लेखण्या धुतल्यात का?” शिहोने विचारलं.

“नाही,” गुरुजी चटईतूनच म्हणाले.

“शाई वाळून बसली असेल,” ती म्हणाली, आणि उठून नळाकडे गेली.