पोकळ संत्रं

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. पण कियोनोमावशी खोटं बोलत नाही. भांडते, शिव्या घालते, खोटं मात्र बोलत नाही.

सहा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. शिकोकू बेटावरची अठ्ठ्याऐंशी देवळांच्या यात्रेची वाट. आणि भर दुपार.

माझी आई तोमिए सत्त्याऐंशी देवळं चालली होती. प्रत्येक देवळाचा शिक्का तिच्या पांढऱ्या अंगरख्यावर होता. शेवटचं देऊळ उरलं आणि ती इस्पितळात अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी हात टेकले.

"तेवढा शिक्का आण गं," आई म्हणाली. "अंगरखा पुरा झाला की तोच घालून जाईन."

"जातेस कुठे?" मावशी कडाडली. "शिक्का आणते आणि तोच घालून तुला घरी चालवत नेते. बघच तू!"

शिक्क्याची खिडकी पाचला बंद होते. मावशी सकाळीच निघाली. डोंगर चढता चढता दोन वाजले. धुकं उतरलं. पाखरं गप्प झाली. ऐकू येत होती ती फक्त काठीला बांधलेली घंटा...

मग तीही ऐकू येईना.

मावशीने काठी जोरात हलवली. घंटा हलली...

आवाज नाही.

वळणावर विसाव्याचं छप्पर होतं. बाकावर पांढऱ्या कपड्यांतली एक बाई बसली होती.

"दमलीस ना? घे."

तिच्या तळहातावर संत्रं होतं.

या वाटेवर कुणी दान दिलं तर यात्रेकरूने नाही म्हणायचं नसतं. घ्यायचं, आणि बदल्यात नावाची चिठ्ठी द्यायची. मावशी आईच्या वतीने चालत होती, म्हणून चिठ्ठ्यांवर नाव आईचं. तिने एक चिठ्ठी दिली, संत्रं घेतलं आणि निघाली.

शंभरेक पावलांवर सोलायला घेतलं. इतकं हलकं कसं?

आत काहीच नव्हतं... साल अख्खी, कुठे भोक नाही. पण आत एक फोड नाही.

मावशी जागीच थिजली. आता तिला आठवलं. त्या बाईच्या अंगरख्याची उजवी बाजू वर होती. जिवंत माणूस डावी वर घेतो. उजवी वर घेतात ती शवपेटीत.

आणि तिच्या हातात मावशी बहिणीचं नाव देऊन आली होती.

दुसरी कुणी असती तर देवळाकडे पळत सुटली असती. मावशी मागे फिरली.

बाई तिथेच होती. चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून अक्षरं जुळवत होती.

"तो... मि..."

"ए बये! चिठ्ठी दे इकडे!"

"दान घेतलंस. नाव माझं झालं."

"दान? चाळीस वर्षं संत्र्याच्या बागेत राबले मी. मला पोकळ संत्रं देतेस? लाज नाही वाटत?"

बाई हसली. शेवटचं अक्षर वाचायला तिने तोंड उघडलं...

मावशी घाबरली होती, हे ती स्वतःच सांगते. पण डोकं चालत होतं. तिने पिशवीतून आपल्या बागेतलं रसरशीत संत्रं काढलं आणि बाईच्या नाकासमोर धरलं.

"तूही पांढऱ्यातच ना? म्हणजे यात्रेकरूच. हे घे माझं दान. नाही म्हणून दाखव!"

बाईचं हसू गेलं. बऱ्याच वेळाने तिचा हात पुढे आला. संत्रं घेतलं.

"आता रीतीप्रमाणे चिठ्ठी काढ."

बाईकडे चिठ्ठी एकच होती...

मावशीने ती हिसकावली आणि जी निघाली, ती मागे न बघता. पाचला दहा कमी असताना शिक्का मिळाला. देवळाच्या पायऱ्यांवर घंटा परत वाजायला लागली.

आई तोच अंगरखा घालून घरी आली, चालत. डॉक्टर अजून डोकं खाजवतात. आई एवढंच सांगते, त्या दुपारी उशाशी कुणीतरी बसून तिच्या नावाची अक्षरं जुळवत होतं. मग मध्येच उठून गेलं.

"हिंमत असेल तर ये म्हणावं परत!" मावशी म्हणते.

येतं. दर नोव्हेंबरात मावशीच्या उंबऱ्यावर एक संत्रं असतं.

यंदा मी तिच्याकडे राहायला होतो. सकाळी दार उघडलं...

दोन होती.

मी नकळत वाकलो. मावशीने काठी माझ्या हातावर हाणली.

"शिवू नकोस! घेतलंस तर नाव द्यावं लागेल."

आणि तिने लाथेने दोन्ही संत्री पायऱ्यांवरून खाली उडवली. दगडी पायऱ्या आहेत, चांगल्या बारा.

मी कान देऊन उभा होतो...

आवाज आलाच नाही.