मिटून ठेवलेलं गाणं

किटलीचं झाकण खुळखुळलं, तशी मर्ल दचकली. सकाळपासून घरात कुणीच बोललं नव्हतं. छोटी जूनी उंबऱ्यावर बसून लाल मातीत बोट फिरवत होती... आणि पडवीत आजोबांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती.

याच किटलीपायी तो पहिल्यांदा दारात आला होता. मेंढ्यांच्या कुरणावरची पवनचक्की दुरुस्त करायला निघालेला क्लेम. नदी अचानक फुगली आणि त्याची गाडी चिखलात रुतली. स्वतः नखशिखांत भिजलेला, पण छातीशी कोरड्या कांबळ्यात काहीतरी गुंडाळलेलं.

"बाळ आहे का?" मर्लने विचारलं.

"बाळापेक्षा जास्त रडतं." त्याने कांबळं उघडलं. जुनं अकॉर्डियन होतं.

"मग रडवू नका. माझी पोर आत्ताच झोपलीय."

"चहा मिळाला तर आम्ही दोघंही गप्प!"

ती हसली. जूनीचा बाप लोकर कातरणाऱ्या टोळीबरोबर गेला तो गेलाच. त्यानंतर या घरात असं खळखळून हसू आलं नव्हतं.

मग क्लेम रोज संध्याकाळी येऊ लागला. मर्लचे वडील दोन काठ्या एकमेकींवर वाजवत नदीच्या वळणाचं गाणं म्हणत. त्यांनी मान हलवली, की क्लेम हळूच सूर धरी.

"आणि तू वाजवतोस ते नाचाचं गाणं कुणाचं?" एकदा मर्लने विचारलं.

"खापरपणजोबांनी आयर्लंडहून या देशात येताना आणलं. त्यांनी बोटीवर एका खलाशाकडून उचललं. त्याने कुठून, देव जाणे."

"म्हणजे चोरीचंच की!"

"चोरी कसली? आमची गाणी म्हणजे भटकी कुत्री. भाकर टाकेल त्याच्या मागे जातात."

"आमची नाही जात. ती त्या वळणाची, त्या झाडांची. माणसानेच त्यांच्याकडे जायचं."

"आणि तू... तू कुणाच्या मागे जातेस?"

तिने पीठ मळायला घेतलं. "आधी भाकर टाकून तर बघ."

तो कानापर्यंत लाल झाला. जरा वेळाने तिनेच हळूच विचारलं, "चक्की फिरायला लागली, की जाशील?"

"म्हणून तर रोज एक नट सैल करून येतो."

नदी आटत आली आणि मर्लचे वडील वारले. मर्लच्या माणसांत गेलेल्याचं नाव कुणी घेत नाही, म्हणून इथेही नको. नावाबरोबर त्यांचं गाणंही मिटून ठेवलं. थोरल्यांनी उघडलं म्हणेपर्यंत ते कुणी म्हणायचं नाही, वाजवायचं नाही.

मातीच्या दिवशी क्लेम लांबच्या कामावरून धावत आला. त्याच्या माणसांत गेलेल्याचं लाडकं गाणं वाजवूनच त्याला निरोप देतात. त्याने डोळे मिटले, अकॉर्डियन उघडलं... आणि नदीचं वळण वाजू लागलं.

बायकांनी तोंडं झाकली. पुरुष उठून चालू लागले.

"थांबव!" आयलीन आत्या ओरडली.

क्लेमने डोळे उघडले, तेव्हा समोर मर्लची पाठ होती.

घालवलं त्याला कुणीच नाही. आत्या मर्लला एवढंच म्हणाली, "पोरगा वाईट नाही गं. पण तो दिसला, की लोकांच्या कानात ते वाजणार. गाणं उघडेपर्यंत लांब राहू दे त्याला."

"कधी उघडेल, आत्या?"

"घाई करून उघडतं होय ते?"

आज सकाळी तो गाडीपाशी उभा होता. टोपी हातात चुरगाळत.

"मला कुणी सांगायचं तरी, मर्ल."

"मी सांगायला हवं होतं. तू इतका आमच्यातला झाला होतास... मला वाटलं, तुला ठाऊकच असेल."

"मी राहणार होतो. कायमचा. तुझ्याजवळ."

"माहीत आहे." तिने तेलकट हात पुढे केला. "चक्कीचा नट काल मीच घट्ट केला. नाहीतर तू गेला नसतास... आणि मीही जाऊ दिलं नसतं."

त्याने तिच्या हाताला लागलेलं तेल अंगठ्याने पुसलं. निघालं नाही. मग धुरळा उठला आणि बराच वेळ तसाच हवेत राहिला.

मर्लने किटली उतरवली. सवयीने कप दोन काढले, एक परत ठेवला. नकळत ती गुणगुणू लागली. खलाशाकडून उचललेलं ते नाचाचं गाणं, पण फार संथ.

"हे क्लेमचं ना?" जूनीने मान वर केली. "हे चालतं?"

"हो. हे कुणीही म्हणावं."

जूनीने मातीत नदीसारखी एक वाकडी रेघ काढली.

"आई... आजोबांचं गाणं तो मनातल्या मनात वाजवत असेल तर? तेही बंद करायचं?"