पेटीखालचं पाणी

"पाया खचलाय! उद्या सकाळपासून कौलं उतरवायला घेतो," ठेकेदारकाका चर्चच्या ओल्या भिंतीवर थाप मारत म्हणाले.

आजोबा या छोट्याशा बाप्टिस्ट चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू होते. त्यांच्या वडिलांनीच ते बांधलं होतं. सुट्टीला आलेल्या त्यांच्या नातीला, चष्मिसला त्यांचा उतरलेला चेहरा बघवेना.

"खचला असता तर भिंतीला तडा नको?" ती भावंडांच्या कानात कुजबुजली. "एकही तडा नाही! आणि ओल बघा, फक्त व्यासपीठामागे. तीसुद्धा खालून वर चढलेली."

"आल्या इंजिनीअरबाई!" तिचा ताडमाड उंच चुलतभाऊ म्हणाला. त्याला सगळे उंटच म्हणत.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आजोबांच्या थोरल्या बहिणीचा, आत्याआजीचा आवाज आला, "पाडू नका रे! माझा बाप्तिस्मा झालाय इथे, त्या व्यासपीठावरच्या बाजाच्या पेटीखाली. हनुवटीपर्यंत पाणी होतं, बर्फासारखं!"

"अगं ताई, तो ओढ्यात झाला असेल," आजोबा हळुवारपणे म्हणाले. त्यांच्या मंडळीत बाप्तिस्मा म्हणजे डोक्यासकट पूर्ण बुडी. ती चर्चच्या आत कशी मारणार? ठेकेदारकाका तर खो-खो हसले.

चष्मिस मात्र हसली नाही. मोठी माणसं बाहेर पडताच ती व्यासपीठावर चढली आणि फळ्यांवर टकटक करत सुटली. टक, टक, टक... ढब्ब!

"पोकळ आहे!"

"आजोबा ओरडतील," उंट म्हणाला.

"उद्या अख्खं चर्च पाडणार आहेत. आज एक फळी उचलली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

पेटी सरकवून दोघांनी फळी उचकटली. खाली विटांच्या पायऱ्या होत्या आणि काठोकाठ भरलेला हौद!

"आत्याआजी खरं बोलत होती!" धाकटं शेंडेफळ किंचाळलं.

हौदाच्या एका कोपऱ्यातून बुडबुडे येत होते. खाली जिवंत झरा होता! "पाणी सारखं येतंय, म्हणजे जायलाही वाट असणार," चष्मिस म्हणाली. "पण कुठे? शेंडेफळा, पळ! धुण्याची नीळ आण!"

नीळ हौदात ओतून तिघं चर्चच्या मागे धावले. गेल्या वर्षी ठेकेदारकाकांनी तिथे कुंपणाची भिंत बांधली होती. तिच्या पायाशी दगडमातीचा ढीग तसाच पडला होता. बराच वेळ काही झालं नाही. मग ढिगाच्या तळाशी निळा ओघळ दिसला.

"त्या वाटेचं तोंड याच्याखाली बुजलंय! उपसा!"

माती उडू लागली. तेवढ्यात ठेकेदारकाका ओरडत आले, "ए कार्ट्यांनो, काय उकरताय?"

"काका, बाजूला व्हा!"

काका कसले होतात! उंटाने शेवटचा दगड ओढला आणि निळ्या पाण्याचा लोट थेट त्यांच्या बुटांवर!

आरडाओरडा ऐकून आजोबा धावत आले. चष्मिसने एका दमात सगळं सांगितलं.

"हा ढीग कोणाचा?" आजोबांनी विचारलं.

"आमच्याच माणसांचा," काका खाली बघत पुटपुटले. आत जाऊन त्यांनी रिकाम्या होत चाललेल्या हौदात वाकून पाहिलं. "पाया पोलादासारखा आहे, पाळकसाहेब. पाडायची गरज नाही. भिंत आपोआप वाळेल. ढीगही मीच उचलतो."

"आता म्हणा, म्हातारीला भ्रम झालाय!" आत्याआजी ऐटीत म्हणाली. "ओढ्यात बुडी मारताना काठावरचे लोक खडे मारायचे. म्हणून बाबांनी झऱ्यावरच चर्च बांधलं. पुढच्या पाळकांना थंडी सोसेना, त्यांनी वर फळ्या ठोकल्या. तू तेव्हा रांगत होतास रे!"

आजोबांनी तिच्यापुढे हात जोडले. मग ते चष्मिसकडे वळले. "मी इतकी वर्षं तिथे उभा राहून उपदेश करतोय, पण त्या भिंतीकडे पाठ करून! आणि तू उपदेश ऐकायचा सोडून भिंतच बघत बसायचीस. होय ना?"

चष्मिसचे कान लाल झाले. तिने हळूच होकारार्थी मान हलवली.

"शाबास!" आजोबा म्हणाले.