अठ्ठावीस शब्दांचा निरोप

शाल्मलीने चिठ्ठी चौथ्यांदा वाचली, पण चौथ्यांदाही तिला त्यात आई सापडली नाही.

चिठ्ठीत एकच इंग्रजी वाक्य होतं : ‘शी टोल्ड यू टू डू ॲज यू विश्ड.’ तिने तुला तुझ्या मनासारखं करायला सांगितलं. अर्थ सोपा होता, कोडं वेगळंच होतं. आमटीत मीठ कमी पडलं तरी त्यावर पाच मिनिटं बोलणारी मालवणातली तिची आई इतकं कोरडं कधीपासून बोलायला लागली?

शाल्मली अकरा वर्षांची होती आणि चंद्राच्या पलीकडच्या बाजूला राहत होती. ही बाजू पृथ्वीकडे कधीच वळत नाही, त्यामुळे तिथून पृथ्वी दिसत नाही. पृथ्वीवरचा रेडिओचा गलबलाही तिथे पोचत नाही. म्हणून तर तिथे प्रचंड मोठी अँटेना (रेडिओलहरी टिपणारं यंत्र) उभारली होती. विश्वाच्या बालपणीच्या अगदी क्षीण लहरी ती ऐकायची. तिला त्रास नको म्हणून तिथल्या तळावर सगळ्यांनी रेडिओवर गप्प राहायचं. घरच्या निरोपांसाठी दिवसाकाठी दहा मिनिटं मिळत, तीही फक्त अक्षरांची. आवाज नाही, चित्र नाही. आलेला निरोप तळाच्या भाषेत, इंग्रजीत, लिहून मिळायचा. बाबा दिवसभर अँटेनेच्या दुरुस्तीत असायचा. तळावर पंधरा मोठी माणसं होती आणि मूल एकच. सगळे तिच्याशी गोड बोलायचे आणि आपापल्या कामाला जायचे. तिला फार एकटं वाटायचं.

शुक्रवारी मालवाहू यान पृथ्वीवर परतणार होतं. त्यात एक जागा रिकामी होती. पुढचं यान आठ महिन्यांनी. नाव द्यायची मुदत उद्या संध्याकाळी सहापर्यंत. बाबा म्हणाला होता, “तू आणि आई ठरवा.” म्हणून तिने आईला विचारलं होतं, ‘मी परत येऊ का?’ आणि त्यावर हे उत्तर!

“तिला काही फरकच पडत नाही,” शाल्मली म्हणाली. “मी इथेच राहते. नको घालूस माझं नाव.”

हे ती निरोप्याला म्हणाली. निरोप्या म्हणजे तळावरचा निरोप आणून देणारा यंत्रमानव. कमरेएवढा, गोलमटोल, आणि भलताच काटेकोर.

“शाल्मलीताई, हे आईंचं वाक्य नाही,” तो म्हणाला. “हे आईंबद्दलचं वाक्य आहे.”

“म्हणजे?”

“बोलणं पोचवायच्या दोन तऱ्हा असतात. समजा, मंगळवारी आई म्हणाल्या, ‘आय ॲम वेटिंग हिअर टुडे.’ मी आज इथे वाट बघतेय. हे शब्द उचलून अवतरणचिन्हांत (शब्दांच्या दोन्ही बाजूंच्या त्या छोट्या खुणांत) ठेवले, की झालं प्रत्यक्ष कथन (बोलणाऱ्याचेच शब्द). पण मी तुला ते बुधवारी, चंद्रावर, माझ्या तोंडाने सांगतोय. मी ‘इथे’ म्हटलं तर तू कुठे बघशील?”

“इथेच. चंद्रावर.”

“आणि ‘आज’ म्हटलं तर बुधवार समजशील. म्हणून अप्रत्यक्ष कथनात (सांगणाऱ्याच्या शब्दांत) सगळं माझ्या जागेवरून मोजायचं. ‘मी’ची झाली ‘ती’. ‘हिअर’चं ‘देअर’, ‘टुडे’चं ‘दॅट डे’. आणि बोलून झालेली गोष्ट म्हणून क्रियापदही एक पायरी मागे सरकतं, ‘ॲम’चं ‘वॉज’. शी सेड दॅट शी वॉज वेटिंग देअर दॅट डे.”

शाल्मलीला मागचा महिना आठवला. बाबाला ताप भरला होता आणि ‘माझ्या अंगात ताप आहे, सांग’ एवढंच तो म्हणाला. ती धावत जाऊन डॉक्टरांना म्हणाली, ‘बाबा सेड दॅट आय हॅव फीव्हर.’ मराठीत आपण अगदी असंच म्हणतो, बाबा म्हणाला की मला ताप आहे. डॉक्टरांनी शाल्मलीलाच धरून बसवलं, घसा पाहिला, कडू औषध पाजलं. बाबा बिचारा तिकडे कुडकुडत पडलेला.

“हो, ‘आय’चं ‘ही’ करायला हवं होतं,” ती म्हणाली. हसू आलं तसंच विरूनही गेलं. “पण ‘मनासारखं कर’ हे आईच म्हणाली ना?”

“म्हणाल्या. खोटं मी आणत नाही. पण तळाच्या नियमाप्रमाणे निरोप आखूड करायचा असतो. पुन्हा पुन्हा आलेले शब्द गाळायचे. अर्धी वाक्यं गाळायची. हाका गाळायच्या. चिठ्ठीच्या कोपऱ्यात बघ, मूळ शब्द अठ्ठावीस. पोचले आठ.”

कोपऱ्यात बारीक अक्षरांत ते लिहिलेलं होतं. चार वेळा वाचूनही तिने तिकडे पाहिलं नव्हतं.

“बाकीचे कुठे आहेत?”

“वर, निरोप पुढे धाडणाऱ्या उपग्रहात. दोन दिवस राहतात, मग पुसतात.”

“मग मला ते हवेत. जसेच्या तसे.”

निरोप्याने नियम पडताळून पाहिले. “अठ्ठावीस शब्द काही फार नाहीत. नियमात बसतात. आजवर कोणी मागितलेच नव्हते.”

दुसऱ्या दिवशी निरोपाची वेळ पाचची होती. शाल्मली चार वाजल्यापासूनच येऊन बसली. अर्धी वाक्यंही कोरडीच निघाली तर? मग मात्र मालवणात आपलं कोणी नाही असं धरून चालायचं, असं तिने ठरवलं.

पाच वाजून दोन मिनिटांनी चिठ्ठी आली.

शी सेड, ‘शालुटले, ये. नाही, म्हणजे तुझा अभ्यास, तुझा बाबा... आणि मी सांगितलं म्हणून नको गं. पण ये ना. तुझी खोली मी अजून... बरं, तू तुझ्या मनासारखं कर. ये गं.’

“हे मराठीत कसं?” तिने विचारलं. तिला पुढची अक्षरं दिसेनाशी झाली होती.

“अवतरणचिन्हांच्या आत मी हात लावत नाही,” निरोप्या म्हणाला. “तिथे सगळं आईंचंच.”

शाल्मलीने शब्द मोजले. अठ्ठावीस भरले. त्यात ‘ये’ तीनदा होतं. आईने खोलीचं काय केलं होतं ते वाक्यात नव्हतं, पण तिला ते कळलं. पलंगावर ती निळी चादर अजून तशीच असणार.

“माझं नाव घाल शुक्रवारच्या यानात,” ती म्हणाली. “आणि आईला निरोप पाठव.”

“काय कळवू? शाल्मली येत असल्याचं तिने सांगितलं, असं?”

“नाही. माझेच शब्द घाल. चिन्हांत.” तिने नाक पुसलं. “आई, मी येतेय. आई, तू... मला इथे खूप... आई, येतेय मी.”

निरोप्याने आई हा शब्द तिन्ही वेळा लिहिला. अर्धी राहिलेली दोन्ही वाक्यं अर्धीच ठेवली, मग अवतरणचिन्ह मिटवलं आणि निरोप मालवणला सोडला.