काहिलीत समोरासमोर

मी काहिलीत पाय ठेवला आणि ती गरागरा फिरायलाच लागली! पोरांच्या खाऊची, सुकडीची पिशवी छातीशी धरून मी किंचाळले.

"ताई, पाठ करून बसू नगा. माझ्याकडं तोंड करा, न्हाईतर दोघंबी धरणात!" वल्हं मारणारा ओरडला.

गूळ करायची ती भली मोठी कढई शिवरे गावच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळातून आणलेली; आता तीच वाडीची होडी. धरणाचं पाणी दरसाल वर चढायचं. टेकडीवरची वाडी चहूबाजूंनी वेढली गेली होती, पायवाटसुद्धा बुडाली होती. मी काठावरच्या गावची शेफाली, वाडीच्या अंगणवाडीत नवीनच लागलेली. वल्हं मारणारा वाडीतला कुंडलिक. काहिलीत समोरासमोरच बसावं लागतं. एकानं लाजून तोंड फिरवलं की कढई कलते. नोकरीत ही शिक्षा असेल, असं कुणी सांगितलं नव्हतं.

"काय बघताय?"

"पाणी."

"पाणी खाली आहे."

"व्हय… पण डोंगर तुमच्या मागं हाय. त्यो बघतुय."

मी हसू दाबलं, तर काहील हलली. दाबलेलं हसूही तिला कळायचं!

श्रावणात एकदा पाहिलं, कुंडलिक गुडघाभर पाण्यात उभा राहून लावलेलं भात उपटत होता, वरच्या खाचरात नेऊन लावायला.

"कुठवर वर नेणार?"

"टेकडी संपंस्तवर."

साडी खोचून मीही चिखलात उतरले. एकाच रोपाला दोघांचे हात लागले… कुणीच आधी सोडलं नाही.

दिवाळीआधी नोटीस आली. वाडी उठवायची, जमीन मिळणार लांब पूर्वेला, उघड्या माळावर.

"तिकडं प्यायलाबी टँकर येतो म्हणं," त्याची आई धोंडाबाई घराच्या तुळया सोडवताना म्हणाल्या. "हितं पाण्यानं हाकललं, तिकडं पाण्याचीच वाट बघायची!" त्या हसल्या. डोळे काही हसले नाहीत.

काठावर टेम्पोत सामान भरताना कुंडलिक घुटमळला.

"तुमची तिकडं बदली न्हाई का व्हत?"

"अंगणवाडीच्या बाईची लांब बदली होत नसते, फार तर आमच्याच गावात घेतील. गाव सोडलं की नोकरी सुटते. आणि गाव सोडायचं तर—"

"तर?"

"तर… लग्न करूनच जावं लागतं."

हातातली दाराची चौकट त्याच्या पायावरच पडली. पण तो ओरडला नाही.

"नुसता माळ हाय. सावलीला झाड न्हाई."

"लावू की."

"नोकरी जाईल तुमची."

"पोरं काय तिथं नसतील? बोलून झालं?"

"न्हाई." तो लालबुंद झाला. "याल?"

"अशी टेम्पोत बसून कुणी जातं का? आधी घर उभं करा. मग आईंना पाठवा मागणी घालायला."

"पाठवायचं कशाला गं? मी हितंच हाय की!"

धोंडाबाई टेम्पोतून उतरल्या. लुगड्याचा पदर सारखा केला आणि तरातरा आमच्या घराकडे चालू लागल्या. टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला.